हत्तींची शेरवानी

धर्माजीचा पुतण्या विनेश याच्या लग्नात त्याच्या शेरवानीवर मोर होते. छातीवर दोन, आणि पाठीवर पिसारा फुलवलेला एक. गावाने त्या मोरांचं कौतुक वर्षभर केलं आणि धर्माजीने ते वर्षभर दात ओठ खात ऐकलं. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या मुलाचं, सुजितचं, लग्न ठरलं तेव्हा तारीख, मांडव, जेवण यातलं काहीच ठरण्याआधी एक गोष्ट ठरली. नवरदेवाच्या अंगावर हत्ती असतील. मोराहून मोठं काय, तर हत्ती. वाघ का नको, असं सुजितच्या आईने, आवडाबाईने, विचारून पाहिलं. पण वाघ एकटा हिंडतो, हत्ती कळपाने येतात, त्यांनी कापड भरतं, असं धर्माजीचं म्हणणं पडलं. नवरदेवाला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने बाबांकडेच पाहिलं असतं, तेव्हा तेवढा वेळ वाचला म्हणायचा.

हा सुजित एकोणतीस वर्षांचा घोडा. गाव उरणच्या पूर्वेला, खाडीच्या कडेला, आणि नोकरी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझरची. तिथे त्याचा रुबाब बघावा. वॉकीटॉकीवर एक शब्द टाकला की चाळीस फुटी डबा इकडचा तिकडे. त्याच्या दुप्पट वयाचे ट्रेलर ड्रायव्हर त्याला साहेब म्हणायचे. घरी मात्र आमटीत मीठ कमी आहे हे सांगायचं असलं, तरी तो आधी बाबांच्या तोंडाकडे बघायचा, त्यांना कमी लागलंय का म्हणून. धर्माजीने त्याला जन्मात कधी चापट मारली नाही. तशी वेळच आली नाही. शाळा, कॉलेजातली शाखा, नोकरी, मोटारसायकलचा रंग, सगळं पोराला सुचायच्या आत बापाला सुचलेलं असायचं. आणि तेही प्रेमाने, हे मुद्दाम सांगायला हवं. बाप दुष्ट असता तर पोराने निदान मनातल्या मनात तरी बंड केलं असतं.

आयुष्यात एकच गोष्ट सुजितने बाबांना न विचारता केली होती, ती म्हणजे रुचिका. खरं तर तीही त्याने केली नाही, तिनेच केली. रुचिका मूळची किहीमची, न्हावा शेव्यात मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला. यार्डात अडकलेल्या एका डब्यावरून ती सुजितशी अर्धा तास भांडली आणि भांडून झाल्यावर तिनेच त्याला चहा पाजला. दोन वर्षांनी घरी सांगायची वेळ आली तेव्हाही तीच येऊन धर्माजीसमोर बसली. धर्माजीला मुलगी पसंत पडली. पडली नसती तर सुजितने काय केलं असतं हा प्रश्न रुचिकाने तेव्हा स्वतःला विचारला नाही, ही तिची एवढी एकच चूक.

मग बस्त्याचा दिवस आला. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडासाठी दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात, एका गादीवर मांडीला मांडी लावून बसणं आणि एकमेकांची निवड कशी छान आहे हे दिवसभर सांगत राहणं. नवऱ्याचा पोशाख मुलीकडच्यांनी घ्यायचा अशी रीत. ती धर्माजीने मोडली. रुचिकाचे वडील शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. हत्ती तुम्हाला झेपायचे नाहीत, असं धर्माजीने त्यांना पनवेलच्या दुकानात सगळ्यांदेखत हसत हसत सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यांनीही हसून घेतलं.

"नवरदेवांना रंग कुठला दाखवू?" दुकानदाराने सुजितला विचारलं.

सुजितने बाबांकडे पाहिलं.

"मरून," धर्माजी म्हणाला.

"मरून," सुजित म्हणाला.

मग मखमल उलगडली गेली. छातीवर सोंडा उचललेले दोन हत्ती समोरासमोर, पाठीवर आख्खा कळप, बाह्यांवर पिल्लं, सगळं जरीत. त्यावर गळ्यात मोत्यांच्या सहा सरी, फेट्याला कलगी, पायात वळलेल्या टोकाच्या मोजड्या आणि कमरेला तलवार. लग्न मे महिन्यातलं होतं. खरे राजे मेमध्ये कोकणात असं काही घालून उभे राहिले नसावेत, त्यांना राज्य चालवायची असायची. पण इथे नाकापेक्षा मोती जड झाल्याशिवाय कोणाचं समाधान होत नव्हतं. दुकानातल्या डिझायनरने सुजितचं माप घेतलं आणि कोट अंगाला असा चिकटून बसेल की आत बोट जाणार नाही, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं.

चहा आला. कप हातात घेऊन धर्माजी रुचिकाकडे वळला.

"पोरी, हल्दीचे आधी तुजे ऑफिसान राजीनामा देऊन टाक. आमचे घरान सुना कामाला जात न्हाईत."

तो हे इतक्या लाडाने म्हणाला की जणू बिस्किट पुढे करतोय. रुचिकाने सुजितकडे पाहिलं. तुझी नोकरी चालूच राहील, बाबांना मी सांगतो, असं त्याने तिला किमान दहादा सांगितलं होतं. अकराव्यांदा सांगायची नाही, करायची वेळ समोर येऊन बसली होती. सुजित फेट्याच्या कापडाचा पोत तपासत राहिला. इतका बारीक पोत त्याने आयुष्यात कधी तपासला नव्हता.

बाकीची मंडळी साड्यांत अडकली तेव्हा रुचिका त्याला घेऊन समोरच्या रसवंतीत गेली.

"तू काही बोलला नाहीस," ती म्हणाली.

"बोलणार आहे. पण दुकानात, सगळ्यांसमोर कुठे काढायचं?"

"बरं. शेरवानी आवडली तुला?"

"बाबांनी एवढ्या हौसेने घेतलीय ती."

"मी तुला विचारलं."

सुजितने रसाचा घोट घेतला. घोट संपला तरी तो ग्लास तोंडाला लावून होता. शेवटी म्हणाला, "तसं म्हणशील तर उकडेल जरा."

रुचिकाने आपला ग्लास खाली ठेवला. "नोकरीचं सध्या राहू दे. ते मोठं काम आहे, तुला एकदम झेपायचं नाही. छोटं देते. लग्नात अंगावर काय घालायचं ते तू ठरव. कोणालाही न विचारता. आणि तुझ्या बाबांना तू स्वतः सांग, मी हे घालणार, ते घालणार नाही. गोणपाट गुंडाळून आलास तरी मला चालेल."

"एवढंच?"

"एवढंच. पण हे जमलं नाही तर मी तुझ्या गळ्यात हार घालणार नाही, सुजित."

सुजित हसला. ती हसत नाही हे बघून त्याने हसणं आवरलं. जो माणूस कोट कोणता घालायचा हे सांगू शकत नाही तो बायकोच्या नोकरीचं काय सांगणार, एवढं साधं गणित तिने मांडलं होतं, आणि ते त्यालाही कळलं. कळत नव्हतं अशातला भाग कधीच नव्हता.

पुढच्या रविवारी तो गावातल्या रघू शिंप्याकडे गेला. तीस-पस्तीस वर्षं गावातले सगळे नवरदेव रघूने शिवले होते. मग नवरदेव पनवेलला जायला लागले आणि रघूकडे परकर आणि शाळेचे गणवेश उरले.

"रघूकाका, लग्नासाठी साधा बंद गळ्याचा कोट हवा. कुठला रंग बरा दिसेल?"

"लगीन कोनाचा हाय?" रघूने विचारलं.

"माझं."

"मंग मना कशाला इचारतंस?"

त्याने कापडाचे पाच-सहा तागे फळीवर टाकले आणि पाठ फिरवून मशीनवर जाऊन बसला. सुजित उभा राहिला. कापडाला हात लावून पाहिला, तागा दाराशी उजेडात नेला, खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, परत ठेवला. एकदा त्याने आईला फोटो पाठवायला खिशातून मोबाईल काढला, आणि मग आपला आपणच परत आत घातला. हा त्याच्या आयुष्यातला मोठा पराक्रम होता, आणि तो बघायला रघूच्या पाठीशिवाय तिथे कोणी नव्हतं. तासाभराने त्याने एक कापड उचललं. मोतिया रंगाचं, हाताला किंचित खरखरीत लागणारं, कसलीही नक्षी नसलेलं. का आवडलं ते त्याला सांगता आलं नसतं. पण आवडलं होतं, आणि त्यालाच आवडलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने रघूला लागोपाठ दोन चहा पाजले.

माप घेताना रघू म्हणाला, "माया चार बोटं जास्त सोडतो." शिवणीच्या आत जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. लागलं तर उसवून अंगाला वाढवून घेता येतं.

"एवढी कशाला?"

"केलवनं जेवाची हायेत ना आजून तुला. मी काय आजचे नवरे शिवतो का?"

असं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे बाबांना सांगणं, आणि त्याला अजून पाच आठवडे होते.

पाच आठवडे केळवणांत गेले. लग्नाआधी नात्यातल्या प्रत्येक घरी नवऱ्याला जेवायला बोलावतात, आणि जिथे जाणार नाही ते घर लग्नात तोंड पाडून बसतं. शहाणे नवरे पाच-सात ठिकाणी जेवतात, बाकीच्यांना हात जोडतात. सुजितने चौतीस केळवणं जेवली. आत्यांकडे मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या, मावश्यांकडे कोंबडी आणि वडे, यार्डातल्या मित्रांकडे जिताडा माशाचं कालवण, चुलत चुलत्यांकडे पुन्हा मटण. "आजून येक घे," असं कोणी म्हटलं की तो घेत होता. बापाला नाही म्हणता येत नाही त्याला आत्याला तरी कुठून म्हणता येणार. प्रत्येक केळवणाला जाताना तो ठरवायचा, आज येताना गाडीत बाबांना सांगायचं. येताना पोट इतकं भरलेलं असायचं की शब्द वर यायला जागा नसायची. रुचिका फोनवर विचारायची, "सांगितलंस?" तो म्हणायचा, "सांगतोय." दोन्ही बाजूंनी काही दिवस मग त्याविषयी बोलणं व्हायचं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी पनवेलहून शेरवानी आली. तिची चाचणी घ्यायला दारं लावून घेण्यात आली. आवडाबाईने पुढून ओढलं, मोरवाल्या विनेशने मागून दाबलं, आणि सुजितने सगळा श्वास सोडला तेव्हा शेवटचा हूक एकदाचा लागला. दोन्ही हत्तींच्या सोंडा, ज्या सलामीला उचललेल्या होत्या, त्या आता आडव्या ताणल्या गेल्या.

"पोराचे तोंडाकडं बगा जरा," आवडाबाई म्हणाली. "तो पन मरून झालाय."

"बसला ना पन? झाला तर मंग." धर्माजी चार पावलं मागे जाऊन बघत होता. "वाकू नको, बसू नको, येवढाच. लगीन उभ्यानंच लागतंय."

"बाबा," सुजित म्हणाला. ही वेळ होती. "बाबा, मी काय म्हणतो..."

"काय?"

"मोजड्या टोचतात."

"टोचूं दे. विनेशला पन टोचल्या व्हत्या. विचार त्याला."

विनेशने टोचल्या होत्या अशी मान हलवली. सुजितने हूक सोडला आणि तो बाहेर जाऊन गटागटा पाणी प्यायला. स्वतःची लाज त्याला वाटत होती. रीतसर, खरी लाज. पण लाज वाटणं आणि बोलणं यांच्यामध्ये जे काही लागतं ते त्याच्याकडे नव्हतं.

लग्न किहीमला, रुचिकाच्या घरामागच्या नारळीच्या वाडीत. विनेश रथातून गेला होता, म्हणून सुजित समुद्रातून जाणार होता. करंजाच्या धक्क्यावरून सजवलेल्या लाँचने रेवसला, आणि पुढे उघड्या जीपमधून. वर ड्रोन. लाँच कधी सोडायची हे भटजींच्या मुहूर्तावरून आणि ड्रोनवाल्याला हव्या असलेल्या उजेडावरून ठरलं. ज्यांच्या सात पिढ्या खाडीच्या पाण्याकडे बघून जेवायला बसल्या त्या घरातल्या एकाही माणसाने त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे हे पाहिलं नाही.

रघू वऱ्हाडात होता. त्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मोतिया कोट आणि विजार. "आणा सोबत, बघू," एवढंच सुजित त्याला म्हणाला होता. लाँच निघाली तेव्हा सुजितने मनाशी पक्कं केलं. रेवस यायच्या आत सांगायचं. लोक ऐकतात तर ऐकू देत.

खाडीच्या मध्यावर तो बाबांजवळ सरकला. धर्माजी कठड्याला धरून उभा होता. त्याने मुलाची कलगी सरळ केली, मोत्यांच्या सरी नीट लावल्या, आणि त्याचे डोळे भरून आले.

"माजे बापाचा लगीन झाला तवा त्याचे आंगावर दुसऱ्याचा धोतर व्हता," तो हळू म्हणाला. "मागून आनलेला. सांजचे धुवून परत दिला. हे त्यानंच मना सांगितला, हसत. मना कदी हसू आला न्हाय." त्याने सुजितच्या छातीवरून हात फिरवला. "आज तुजे आंगावर हत्ती हायेत. मना आजून काय पायजे?"

आता कोणत्या तोंडाने सांगणार, असं सुजितला वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. न बोलायला इतकं चांगलं कारण त्याला याआधी कधी मिळालं नव्हतं.

रेवसला पाणी पार उतरलं होतं. लाँच धक्क्याच्या इतकी खाली उभी राहिली की पहिली पायरी माणसाच्या मांडीला येत होती. बायका साड्या गुडघ्यापर्यंत घेऊन, एकमेकींना ढकलत चढल्या. मग नवरदेवाची पाळी. वरून दोन काकांनी हात दिले, खालून विनेशने टेकू दिला, डोक्यावर ड्रोन घोंगावत आला. सुजितने पाय उचलला आणि चुडीदार गुडघ्यापासून वरपर्यंत फाटला. तो घाबरून मागे झुकला, काकांनी घाबरून जोरात ओढलं, आणि शेरवानी मानेपासून कमरेपर्यंत सरळ उलली. पाठीवरच्या हत्तींचे दोन कळप झाले, एक डावीकडे गेला, एक उजवीकडे. मधून चौतीस केळवणांची पाठ बाहेर आली. ड्रोनने ते सगळं वरून, स्वच्छ उजेडात टिपलं.

धर्माजी धावत आला. "रघू, शिव, शिव लवकर."

रघूने पालथ्या बोटाने शिवण उलटी करून पाहिली. "माया कुटं हाय यात? शिवू कशाला धरून? कापडच फाटलाय." मग त्याने पिशवीतून मोतिया कोट आणि विजार काढली.

"ह्यो कुटनं आला?" धर्माजीने विचारलं.

रघूने सुजितकडे पाहिलं. अशी संधी माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. हत्ती आपोआप फाटले होते, बापाचं मन मोडायचं काम ओहोटीने केलं होतं. सुजितने फक्त म्हणायचं होतं, माझा आहे, मी शिवून घेतला, मला हाच घालायचा होता.

"रघूकाकांनी आणला वाटतं," सुजित म्हणाला.

रघूने एकदा त्याला नीट पाहून घेतलं आणि कोट झटकून त्याच्या हातात दिला. "शाना हाय रघू," धर्माजी म्हणाला, आणि तिकीटघराच्या खोलीत सुजितचे कपडे बदलून झाले. साध्या कोटावर शोभेनात म्हणून मोती, कलगी आणि तलवारही उतरली. चार बोटं माया रघूने आदल्याच दिवशी उसवून घेतली होती. कोट अंगावर असा बसला की सुजितने तास-दीड तासाने पहिला पूर्ण श्वास घेतला.

मांडवात अंतरपाट धरला गेला. धरणाऱ्यांचे हात अवघडून तो जरा खाली आला तेव्हा रुचिकाला सुजित दिसला. ना कलगी, ना मोती, ना तलवार. मोतिया रंगाचा साधा कोट आणि घामेजलेला, मोकळा चेहरा. तिच्या डोळ्यांत जे आलं ते सुजितने दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्यावर खूश होती, आणि त्याच्यामुळे होती.

"सांगितलंस?" तिने ओठांच्या ओठांत विचारलं.

सुजितने मान हलवली. हो.

खोटं बोलतोय असं त्याला त्या क्षणी वाटलंच नाही. कोट त्याने निवडला होता, तो अंगावर होता, मधला एक तपशील तेवढा गळाला होता.

आता आपल्या लग्नांत मंगलाष्टकांआधी माईकवरून पाहुण्यांची नावं घ्यायची पद्धत आहे. माजी सरपंच, आजी सरपंच, संघटनेचे अध्यक्ष, सगळे झाले. धर्माजीला मात्र मघापासून गुदमरत होतं. पाहुणे नवऱ्याच्या साध्या कोटाकडे बघतायत, विनेश पाहुण्यांकडे बघतोय, आणि हत्तींचा पत्ता कोणालाच नाही, हे त्याला सहन होईना. त्याने माईक हातात घेतला.

"पाव्हने मंडली, गैरसमज नसावा. नवऱ्याची शेरवानी पनवेलची व्हती. मखमलीची, हत्तीवाली. रेवसचे धक्क्यावर उलली म्हनून हा साधा कोट घातलाय. रघू शिंप्याजवल व्हता, येल मारून न्यावाला बरा. न्हायतर माजा पोर मी दिलेला सोरून दुसरा काय घालनारा न्हाय. आजवर माजे शब्दाचे भायेर त्यानं पाय टाकला न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज्ञाधारक मुलगा कोणाला नको असतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट पुन्हा ताणून वर गेला होता, त्याच्या खालून सुजितला रुचिकाची पावलं दिसत होती. ती हलत नव्हती. अक्षता पडत राहिल्या, भटजींचा आवाज चढत गेला, शेवटचं 'सावधान' झालं आणि अंतरपाट निघाला. वाजंत्री सुरू झाली. रुचिकाच्या हातात हार होता आणि तो तिने वर उचलला नाही. वाजवणाऱ्यांनी थोडा वेळ वाजवलं, मग एकमेकांकडे बघत ते थांबले.

"सुजित," ती म्हणाली, "हा कोट तू ठरवलास, की शेरवानी फाटली म्हणून घातलास?"

सगळं खरं त्याच्याकडे होतं. तो रविवार होता, दाराशी नेलेला तागा होता, खिशात परत घातलेला मोबाईल होता, साक्षीला रघू तिसऱ्या रांगेत बसला होता. नुसतं तोंड उघडायचं होतं. सुजितने बाबांकडे पाहिलं.

धर्माजीला काय चाललंय ते कळलं नव्हतं. पोरगं अडलंय, एवढं कळलं, आणि पोरगं अडलं की त्याने आजवर जे केलं होतं तेच केलं. माईक अजून त्याच्या हातात होता आणि चालू होता.

"सांग ना रं, मीच ठरवला म्हनून," तो कुजबुजला, आणि नारळींना बांधलेल्या सगळ्या कर्ण्यांतून ते आख्ख्या किहीमने ऐकलं.

"मीच ठरवला," सुजित म्हणाला.

शब्द न् शब्द खरा होता. मांडवात मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणी, मग बायकांच्या बाजूने पदर तोंडाला लागले. रघू मान खाली घालून बसला.

रुचिका हसली नाही. तिने हार आईच्या हातात दिला, कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि ती धर्माजीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमल्यासारखं काहीतरी होतं.

"काका, मी का चालले ते त्याला तुम्हीच समजावून सांगा. तुमचंच ऐकतो तो."

ती वाडीतून घराच्या मागच्या दाराकडे निघाली. उरणची माणसं, किहीमची माणसं, भटजी, वाजंत्रीवाले, सगळ्यांनी माना सुजितकडे वळवल्या, आता हा काय करतो म्हणून. ती फार लांब गेलेली नव्हती. चार पावलं टाकली असती तर हाताशी होती. सुजितने बाबांकडे पाहिलं.